अक्षता पडायच्या आधीची दहा मिनिटं

पत्रिकेवर मुहूर्त असतो दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. त्या वेळेला नवरदेव अजून परण्यातच, म्हणजे लग्नाआधीच्या मिरवणुकीतच असतो. मारुतीचं दर्शन झालेलं, घोडा कार्यालयापासून शंभर पावलांवर, पण डीजेपुढचे मित्र त्याला पुढं सरकू देत नाहीत. भटजी माईकवरून पाहुण्यांना मंडपात बसून घ्यायला पाचव्यांदा सांगतात. नवरी खोलीत लोखंडी पलंगावर, तीन करवल्या आणि सात बॅगांच्या मधात, घामानं काजळ उतरू नये म्हणून मान ताठ करून बसलेली. अक्षता पडतात दोनच्या पुढं. एवढ्या वेळात पंगतीची चौकशी करायला सगळ्यांना सवड असते, त्या दोघांना एकमेकांशी चार शब्द बोलायला नसते.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, रोलच्या काळातला. 36 फोटोंच्या दोन रोलांत ते अख्खं लग्न बसवायचे. त्या अल्बमांत नवरा-नवरी एका फोटोत पहिल्यांदा दिसतात ती अंतरपाट बाजूला झाल्यावर. त्याआधी तो वेगळा, ती वेगळी. गेली चौदा वर्षं मी हिंगोली, परभणी, नांदेड या भागातल्या लग्नांचे फोटो काढते, आणि आता जवळजवळ प्रत्येक नवरी बुकिंगच्या वेळी हळूच विचारते, "ताई, लग्नाआधी आमच्या दोघांचेच दोन-चार फोटो होतील का?" तिला प्री-वेडिंगसारखं धबधब्यापुढं पळायचं नसतं. त्या दिवशीचं, त्या कपड्यांतलं, गर्दीबाहेरचं काहीतरी हवं असतं. ते कसं मिळवायचं, हे या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिते आहे. कॅमेऱ्याचा भाग यात थोडा आहे. जास्त भाग मामीचा आहे.

दहा मिनिटं कुठून आणायची

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नवरदेव घोड्यावर बसला की तो आपला राहत नाही. तो मित्रांचा, डीजेवाल्याचा आणि घोडेवाल्याचा होतो. म्हणून जे काही करायचं ते परण्या निघायच्या आधी.

हल्ली साखरपुडा, हळद आणि लग्न एकाच दिवशी, एकाच कार्यालयात उरकतात. हे आपल्या फायद्याचं आहे. हळद नऊ-साडेनऊला आटोपते. नवरदेव अंघोळ करून वीस मिनिटांत तयार होतो आणि मग मोबाईल बघत बसून राहतो. नवरीला पार्लरवालीकडं दोन तास लागतात. म्हणजे नवरी तयार झाली आणि घोडा अजून यायचाय, अशी एक फट साडेअकराच्या आसपास उघडते. ती फट दहा मिनिटांची असते, कधी सात. तिच्यासाठी आदल्या दिवसापासून तयारी लागते.

पहिला फोन पार्लरवालीला करा. नवरीच्या आईला नाही. आई त्या दिवशी नारळ मोजत असते, आहेराच्या साड्यांवर नावं लिहीत असते, आणि तिला काहीही विचारलं तरी ती "हो हो" म्हणते आणि विसरते. पार्लरवालीला वेळेचं कळतं. मी तिला सांगते, "मला साडेअकराला नवरी पाहिजे." मनात पावणेबारा धरते. ती सव्वाअकरा कबूल करते आणि पावणेबाराला देते. या हिशोबात आमचं कधी भांडण झालेलं नाही.

दुसरी व्यक्ती नवरीची मामी. आत्या नको. आत्याचा मानपान असतो, आणि सकाळी कुणीतरी तिला आधी चहा दिला नाही म्हणून ती रुसलेली असण्याची शक्यता मोठी. बहिणीला सांगितलं तर तिला स्वतःचेच फोटो काढून घ्यायचे असतात. मामी घरचीही असते आणि थोडी बाहेरचीही. तिला दार अडवून उभं राहता येतं आणि "जरा पदर नीट करायलेत, या मागून" असं तोंडावर सांगताही येतं. खोलीत पहिला अर्धा तास मी फोटो काढण्याआधी मामी शोधत असते, असं म्हटलं तरी चालेल.

नवरदेवाकडून त्याचे दाजी. बहिणीचा नवरा या दिवशी सर्वांत बिनकामाचा आणि सर्वांत वजनदार माणूस असतो. त्याला काम दिलं की खूश होतो. मित्रांना मात्र कळू देऊ नका. एका मित्राला कळलं की सहा जण मोबाईल घेऊन दारात.

घरच्यांशी बोलताना खोटं बोलू नका, पण "कपल शूट" हा शब्द तोंडातून काढू नका. काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंग बंद करा असे ठराव झालेत, आणि तो शब्द ऐकला की घरातल्या मोठ्यांच्या कपाळावर आठ्या येतात. मी म्हणते, "अक्षतांनंतर घाम, गर्दी आणि आहेर यात दोघांचा नीट फोटो मिळत नाही. आता दहा मिनिटं दिली तर चांगला निघंल. मामी आहेतच सोबत." हे सगळं खरंच असतं.

आणि बुकिंगच्या वेळीच एक गोष्ट विचारून घ्यायची: दोघांच्या जन्मतारखा. मुलगी 18, मुलगा 21. आमच्या भागात हे विचारावं लागतं, लाजायचं कारण नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मी दोनदा ॲडव्हान्स परत केलाय. चाइल्डलाइनचा 1098 नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे आणि तो एकदा लावलाही आहे.

बघायचंच नाही म्हणाले तर

बऱ्याच घरांत अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांनी एकमेकांना बघायचं नाही असं मानतात. सकाळी हळदीला एकमेकांच्या पाटाशेजारी बसलेले असतात हे खरं, पण मुंडावळ्या बांधल्यावरचं बघणं वेगळं. यावर वाद घालू नका. ते लग्न तुमचं नाही.

औंढ्याकडच्या एका लग्नात नवरीच्या आजोबांनी साफ नाही म्हटलं. मी सामान आवरायला लागले. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुला नेमकं काय पायजे, पोरी?" मी म्हटलं, "आबा, दोघं एका जागी, बाकी कुणी नको. एवढंच." त्यांनी खोलीच्या दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "मधात दार हाय ना? मग त्योच अंतरपाट. ती आत, त्यो भाईर. बोलू दे." दार अर्धं लोटलं. ती आत चौकटीला टेकून, तो बाहेर व्हरांड्यात. मी दाराच्या कडेच्या रेषेत भिंतीला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे एकाच फ्रेममध्ये डावीकडं खोलीचा अंधुक उजेड आणि उजवीकडं व्हरांड्याचा लख्ख. उजेडाचा फरक एवढा होता की दोघांचे चेहरे एकत्र सांभाळणं अवघड. मी बाहेरच्या उजेडावर मोजलं, रॉमध्ये, म्हणजे नंतर उजेड कमी-जास्त करता येतो अशा फाइलमध्ये काढला, आणि आतली बाजू नंतर घरी उचलली. दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग तिनं दाराच्या फटीतून रुमाल पुढं केला. उन्हात उभं राहून त्याची मान घामानं निथळत होती, आणि ते तिला त्याच्या श्वासावरून कळलं असावं.

तेव्हापासून दार हा माझा पहिला पर्याय आहे. कडक घर असो की नसो. समोरासमोर उभं केलं की लोक लाजतात, हसतात, कॅमेऱ्याकडं बघतात. मधात दार असलं की बोलतात.

फोनवरची गोष्ट

नवरदेवाचा जानोसा, म्हणजे वऱ्हाड उतरायची जागा, दुसरीकडं, शाळेत किंवा कुणाच्या घरी असेल तर दारही उपयोगाचं नाही. मग फोन. आणि खरं सांगू का, आमच्याकडच्या जोडप्यांचा सगळ्यात खासगी क्षण हाच असतो. लग्न ठरल्यापासून मांडवात उभं राहीपर्यंतचे तीन-चार महिने ते फोनवरच जगलेले असतात. लग्नाच्या सकाळी दोघंही एकदा फोन करतातच, कुणाला न सांगता. गच्चीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीमागं, मोरीचं दार लावून.

यासाठी दोन माणसं लागतात. मी नवरीकडं, माझा चुलतभाऊ नवरदेवाकडं. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी सेकंदापर्यंत जुळवायची. हे विसरू नका, कारण नंतर कंप्युटरवर वेळेप्रमाणे लावल्यावर तिचं हसणं आणि त्याचं हसणं शेजारी शेजारी येतं, तेव्हाच त्या फोटोंना अर्थ. फोन कधी होणार हे तिला विचारून ठेवा, चोरून काढू नका. "तू बोल, मी लांब असते, मला ऐकू येणार नाही" असं सांगायचं आणि खरंच लांब राहायचं. लांबून काढायची 85 मिलिमीटरची लेन्स याच कामासाठी.

ऐकायचं नाही म्हटलं तरी थोडं कानावर येतंच. चौदा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: "जेवलास का?"

खोली आणि उजेड

मंगल कार्यालयातल्या खोल्या एका साच्यातल्या. पिस्ता किंवा गुलाबी ऑइलपेंट, पत्र्याचं कपाट, एक ट्यूब, एक कूलर, आणि खिडकीला निळं प्लास्टिक. आत गेल्या गेल्या करायचं काम: निळं प्लास्टिक काढा, ट्यूब बंद करा, बॅगा एका कोपऱ्यात सरकवून त्यांवर चादर टाका. ट्यूबचा आणि खिडकीचा उजेड मिसळला की अर्धा चेहरा हिरवट, अर्धा निळा, आणि तो नंतर कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही. खिडकी एकच असू द्या. नवरीला खिडकीपासून दोन हातांवर, तोंड तिरकं खिडकीकडं. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायला करवली उभी करा. तिलाही काम मिळतं आणि तिचा मोबाईलही खाली जातो.

ट्यूब किंवा एलईडी बंद करताच येत नसेल तर शटरचा वेग सेकंदाचा 1/100 किंवा 1/50 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर त्याच्याशी जुळलं नाही की फोटोत आडवे पट्टे येतात. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर तर जास्तच. आणि वीज गेल्यावर जनरेटर चालू झाला की ही गणितंही डळमळतात, कारण त्याची गती स्थिर नसते. दोन फोटो काढून मोठे करून बघा, मग पुढं चला.

कूलर बंद करू नका. एक तर मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत माणूस उकडून निघतं. दुसरं, त्याच्या घरघरीत शटरचा आवाज बुडतो. फक्त नवरीला त्याच्या थेट झोतात बसवायचं नाही. मुंडावळ्यांचे मोती गालावर नाचतात आणि लेन्सवर बारीक थेंब बसतात.

हळदीचं एक वेगळंच. वसमत म्हणजे हळदीची मोठी बाजारपेठ, इकडं घरोघरी हळद शेतातलीच. पाकिटातल्या पावडरीसारखी ती एका अंघोळीत जात नाही. कानामागं, गळ्याच्या घडीत, नखांत राहतेच. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप रंग जुळवणं, तो पिवळा बघून गोंधळतो आणि सगळं चित्र निळं करून टाकतो. म्हणून व्हाइट बॅलन्स हातानं लावायचा. पांढरं म्हणून मी मामांची गांधी टोपी वापरते. धुताना नीळ जास्त घातलेली असली तर मात्र फसवते, तेव्हा भटजींचं उपरणं. आणि ती राहिलेली हळद फोटोशॉपमध्ये पुसू नका. एका पोरानं माझ्याकडं काम शिकताना अख्ख्या अल्बममधली पुसली होती. नवरीनं विचारलं, "ताई, माझी हळद कुठं गेली?"

बाहेर काढायचे असतील तर सकाळी आठच्या आत. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर. त्या उन्हात उभ्या माणसाचे डोळे खोबणीतल्या काळोखात जातात आणि नाकाखाली मिशी नसलेल्यालाही मिशी येते. कार्यालयामागचा कडुलिंब दिसतो छान, पण त्याच्या पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर चट्ट्यांसारखे दिसतात. त्यापेक्षा इमारतीची दाट सावली बघा, जिथं समोरची जमीन उजळ असेल. जमिनीवरून उलटून आलेला उजेड चेहऱ्याला चांगला. मार्चमधल्या एका लग्नात शेतातल्या घरापुढं शिजवलेली हळद वाळत घातली होती. तिथं दोघांना सावलीत उभं केलं आणि खालून दोघांच्या हनुवटीला असा काही पिवळा उजेड लागला की मला काही करावंच लागलं नाही.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नसतो, दोघं पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि सोहळा सुरू व्हायच्या आधी बरेचदा स्टेजवर शेजारी शेजारी बसून वाट बघत असतात. खोली, मामी, दार कशाचीच गरज पडत नाही. पुढच्या खुर्च्या भरायच्या आत बाजूनं लांबच्या लेन्सनं काढा. पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर, म्हणजे उजेड थोडा जास्त घ्यायचा.

लेन्सचं फार मनावर घेऊ नका. 35 आणि 85, नसतील तर 50 ची एक. ती सगळ्यात स्वस्त मिळते आणि f/2 वर, म्हणजे लेन्सचं तोंड चांगलं उघडं ठेवून, खिडकीच्या उजेडात पुरते. फ्लॅश बॅगेत राहू द्या. फ्लॅश उडाला की खोलीतल्या प्रत्येकाला आठवतं की इथं कुणीतरी आहे.

आत गेल्यावर

दहापैकी पहिली दोन मिनिटं कॅमेरा खाली. मी बूट बाहेर काढते, पलंगाच्या कडेला बसते, पाणी मागते. ती दोघं तेवढ्यात माझी सवय करून घेतात.

"जवळ या", "बघा एकमेकांकडं", "स्माईल" हे तीन शब्द विसरून जा. त्याऐवजी काम द्या. "त्यांच्या बाशिंगाची गाठ सैल झाली का बघ गं." "दादा, तिच्या चुड्यातली एक बांगडी उलटी बसली वाटतं." हिरवा चुडा कासारानं गच्च भरलेला असतो, बांगडी काही उलटी नसते. पण तो हात हातात घेऊन शोधतो. ती सांगते, इथं टोचतंय. त्या वेळी फोटो काढा, आणि चेहऱ्याचा काढू नका, हातांचा काढा.

मग एखादा प्रश्न विचारायचा आणि मागं सरकायचं. माझा ठरलेला प्रश्न: "बघायला आले तेव्हा पोहे खरंच हिनं केले होते का?" यावर अजून एकही जोडपं गप्प राहिलेलं नाही. बरेचदा वहिनीनं केलेले असतात आणि हे गुपित त्याच खोलीत फुटतं.

ठरवून झालेल्या लग्नात दोघं एकमेकांना जेमतेम चार-पाच वेळा भेटलेले असतात. त्यांना खांद्यावर हात ठेवा, कपाळाला कपाळ लावा, असं सांगणं म्हणजे अत्याचार. नवरीच्या अंगठ्याकडं लक्ष ठेवा. हातात हात असताना अंगठा तळव्यात लपलेला असेल तर ती अवघडलेली आहे. तिथं थांबायचं. दोघांना शेजारी बसवून खिडकीतून बाहेरचा मांडव बघू द्या, तुम्ही मागून पाठमोरा काढा. दोन मुंडावळ्यांच्या मागच्या गाठी, खाली लोंबणारे दोरे, पुढं रिकाम्या खुर्च्या. असे फोटो पुढं दहा वर्षांनी जास्त बोलतात, असं मला परत येणाऱ्या जोडप्यांनी सांगितलंय.

रडू आलं तर काढायचं का? मी काढते, पण एक-दोनच, आणि मग कॅमेरा खाली ठेवून पाण्याचा ग्लास देते. गौरीहरापुढं बसलेली नवरी बरेचदा रडते. त्या घटकेला नवरदेव जवळ नसतो, आई दाराशी उभी असते आणि आत येत नाही. तिथं नवरीच्या पुढं जाऊन गुडघ्यावर बसू नका. आईच्या मागं उभं राहा. आईचा खांदा आणि त्याच्या पलीकडं ती, एवढं पुरे.

शेवटचं एक मिनिट त्यांना एकटं सोडा. खरोखर एकटं. मामीला घेऊन बाहेर या, दार लोटा, आणि दाराच्या फटीतून लेन्स घालू नका. या मिनिटाचा फोटो नसतो. पण हे मिनिट मिळणार आहे हे त्यांना सुरुवातीलाच सांगितलं, तर आधीची नऊ मिनिटं ती तुम्हाला मोकळ्या मनानं देतात. मी हे पाच-सहा वर्षांनी शिकले. त्याआधी मला वाटायचं, दहाच्या दहा मिनिटं माझी.

मधात कुणीतरी येतंच. "येवढा येळ काय करायलेत आत?" म्हणत एखादी काकू दार ढकलते. चिडू नका. "या काकू, तुमचाच फोटो राहिला होता" म्हणून नवरीसोबत त्यांचा एक काढा आणि मामीच्या ताब्यात द्या. वाद घालण्यात तीन मिनिटं जातात, फोटोत वीस सेकंद.

कपडे बदलताना

याला वेगळी जागा देते, कारण यात चूक परवडत नाही. नवरी साडी बदलताना कॅमेऱ्याला झाकण. मी बाई आहे तरीही. पदर लागला, पिना झाल्या, तिनं स्वतः "आता काढा ताई" म्हटलं की झाकण निघतं. पुरुष फोटोग्राफरनं तोवर खोलीबाहेरच राहावं, आणि घरातली, टीममधली एखादी मुलगी या कामाला तयार करावी. संमतीशिवाय बाईचे असे फोटो काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, हे मी माझ्याकडं कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगते. करवल्यांच्या मोबाईलवर मात्र तुमचा ताबा नसतो. तिथं परत मामीच कामाला येते.

हे फोटो कुणाचे

माझ्या हातून झालेली चूक सांगते. धंद्यात पडून तिसरं वर्ष. खिडकीजवळ नवरदेवानं नवरीच्या कपाळावर ओठ टेकवलेला एक फोटो मला मिळाला होता. मला तो इतका आवडला की कुणालाही न विचारता मी तो 12 बाय 36 इंची अल्बममध्ये पूर्ण पानभर लावला. अल्बम पहिल्यांदा उघडला गेला सासरच्या ओसरीवर, सासऱ्यांच्या मांडीवर, आठ-दहा पाहुण्यांपुढं. पान उलटलं आणि ओसरी गप्प झाली. सासऱ्यांनी अल्बम मिटला. नवरदेवाला कुणी काही म्हटलं नाही. तिला मात्र वर्षभर टोमणे ऐकावे लागले. तिनंच मला नंतर एका बारशाला भेटल्यावर सांगितलं, अगदी शांतपणे, आणि म्हणूनच जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्याकडं दोन पेनड्राइव्ह असतात. एकावर सगळं लग्न: घरच्यांसाठी, मामांसाठी, मांडवातल्या मोठ्या स्क्रीनसाठी. दुसऱ्यावर फक्त ती दहा मिनिटं. त्याची फाइल वेगळ्या फोल्डरला, कुलूप लावून. ते फोटो व्हिडिओवाल्याला, एडिटिंगच्या पोराला, अल्बमच्या लॅबला जात नाहीत. त्यांवर मी स्वतःच काम करते, रात्री, दुकान बंद झाल्यावर. इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर दोघांना वेगवेगळं विचारते. एकत्र विचारलं की एक जण दुसऱ्याकडं बघून "हो" म्हणतो. पाठमोरे, हातांचे, दाराचे फोटो लोक सहज देतात, आणि माझ्या पानावर बहुतेक तेच आहेत. त्यामुळं काम कमी मिळतं असा अनुभव नाही.

दुसरा पेनड्राइव्ह लग्नाच्या दिवशी देऊ नका. पाठवणीच्या गडबडीत तो करवलीच्या पर्समध्ये जातो आणि रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतो. मी दोघांना मांडवपरतणीला आल्यावर दुकानात बोलावते. दुपारी दोन-अडीचला, बाजार थंड असतो तेव्हा. शटर अर्धं खाली ओढते, दोन कप चहा सांगते आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवून स्वतः काउंटरच्या पलीकडं बसते. ती दोघं एकेक फोटो बघतात. एखाद्यावर नवरी म्हणते, "हा नको." कारण विचारायचं नाही. त्यांच्यासमोर तो डिलीट करायचा, रिसायकल बिन रिकामा करायचा, मग कॅमेऱ्यातलं दुसरं कार्ड काढून त्यावरचाही पुसायचा आणि दोन्ही ठिकाणी तो नाही हे दाखवायचं. मागच्या उन्हाळ्यात एका जोडप्यानं असे अकरापैकी सात पुसायला लावले. उरलेले चार पेनड्राइव्हवर घेतले, आणि तिनं तो तिथंच पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.